दुधाची लोकर तारापूरला का आली नाही

कापडाच्या धंद्यात सूत ओळखण्याची एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे. ताग्याच्या कडेची दोन-चार सुते उसवायची, त्यांना पीळ द्यायचा आणि टोकाला काडी लावायची. कापूस आणि व्हिस्कोज भरभर जळतात, जळक्या कागदाचा वास सोडतात आणि बोटांत चुरडली जाईल अशी मऊ राख मागे ठेवतात. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते, काळा धूर सोडते आणि निवल्यावर टोकाशी कडक मणी उरतो. लोकर आणि रेशमाची तऱ्हा वेगळी. ती कुरकुरत जळतात, काडी बाजूला केली की बहुधा विझतात आणि केस जळाल्याचा वास येतो, कारण लोकर, रेशीम आणि केस ही सगळी प्रथिनेच. बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत विणल्या-रंगवल्या जाणाऱ्या शूटिंगला ही काडी लावली तर बहुतेक वेळा मणी आणि राख एकत्र हाती येतील. पॉलिएस्टर-व्हिस्कोजच्या मिश्रणावर इथला धंदा उभा आहे. केस जळाल्याचा वास क्वचितच येईल.

हे असेच होणार होते, असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर कारखान्यात लोकर बनवण्याचा मोठा आणि गंभीर प्रयत्न जगात झाला. ही लोकर मेंढीच्या अंगावर उगवत नव्हती, ती दूध, शेंगदाणा, मका आणि सोयाबीन यांच्या प्रथिनांतून काढली जात होती. त्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे जुन्या ठाणे जिल्ह्याच्या आवाक्यात होते (पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाण्याचाच भाग होता). पालघर-बोईसरवरून जाणाऱ्या रेल्वेने गुजरातचे दूध मुंबईला येत होते. खानदेशापासून सौराष्ट्रापर्यंत भुईमूग पिकत होता. ठाण्यात १९२५ पासून लोकरीची गिरणी होती, तीच पुढे रेमंड म्हणून नावारूपाला आली. आणि शेंगदाण्यापासून तंतू काढणारी ब्रिटिश कंपनीही पुढे ठाण्यात आली, पण येताना दुसराच तंतू घेऊन आली. प्रथिनांचा तंतू या पट्ट्याचा धंदा कधी झाला नाही. का झाला नाही, याचे नेहमीचे उत्तर असे की तो तंतू दुबळा होता आणि पॉलिएस्टरने त्याला मागे टाकले. मला हे उत्तर अपुरे वाटते. ज्या मालातून तो काढायचा तो माणसाचे अन्न होता. जोवर त्या अन्नाला कोणी विचारत नव्हते तोवर तंतू जगला, आणि अन्न म्हणून त्याची कदर होऊ लागली तसा तो संपला.

आधी तंतू बनतो कसा ते पाहू. साय काढलेल्या दुधात आम्ल घातले की ते फाटते. वर हिरवट पिवळी निवळी सुटते, खाली केसिनचा चोथा बसतो. तो धुवून, वाळवून, दळून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळवला की मधासारखा दाट, चिकट द्रव तयार होतो. तो काही काळ मुरू देतात, गाळतात आणि हजारो सूक्ष्म छिद्रे असलेल्या चकतीतून गंधकाम्ल आणि क्षार घातलेल्या पाण्यात दाबाने सोडतात. छिद्राबाहेर पडताच प्रत्येक धार गोठते आणि तिचा तंतू होतो. मग तो ताणायचा आणि फॉर्माल्डिहाइडमध्ये बुडवून टणक करायचा. ही शेवटची पायरी टाळता येत नाही. लोकरीच्या प्रथिनात गंधकाचे दुवे असतात, ते एका साखळीला दुसरीशी बांधून ठेवतात. म्हणूनच मेंढी पावसात भिजली तरी तिची लोकर विरघळत नाही. केसिनमध्ये असे दुवे जवळजवळ नसतात, त्यामुळे निसर्गाने न घातलेल्या गाठी रसायनाने घालाव्या लागतात. जर्मनीत टोटेनहाउप्ट यांनी १९०४ मध्येच केसिनच्या तंतूची पेटंटे घेतली होती, पण तो तंतू ठिसूळ निघाला आणि बाजारात टिकला नाही. इटलीच्या अंतोनियो फेरेत्ती यांनी १९३५ च्या सुमारास वापरण्याजोगा तंतू काढला. स्निया विस्कोझा या कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि 'लानिताल' या नावाने उत्पादन सुरू केले.

हे वर्ष महत्त्वाचे आहे. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर स्वारी केली, नोव्हेंबरमध्ये राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध लादले. लोकर बाहेरून आणणाऱ्या देशाला स्वतःच्या गोठ्यातली लोकर एकदम राष्ट्रकार्य वाटू लागली. अमेरिकेत युद्धामुळे लोकरीची टंचाई झाली तेव्हा १९४१ पासून केसिनचेच 'अरालॅक' निघाले. ते टोप्यांच्या नमद्यात आणि मिश्र कापडात गेले, आणि ओले झाले की त्याला आंबूस वास येतो अशी तक्रार त्याला चिकटली. हेन्री फोर्ड यांनी सोयाबीनच्या तंतूचा अंश असलेला सूट घालून छायाचित्रे काढून घेतली. अरालॅकच्या टाफ्टव्हिल येथील कारखान्यात १९४८ पासून मक्याच्या प्रथिनाचा 'व्हिकारा' बनू लागला. या सगळ्या प्रयत्नांत सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न ब्रिटनचा होता, आणि त्याचा कच्चा माल आपल्या ओळखीचा होता. लीड्समध्ये लोकरीच्या रेणूंचा क्ष-किरणांनी अभ्यास करणारे डब्ल्यू. टी. ॲस्टबरी आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की बियांतली गोळा होऊन बसलेली प्रथिनेही उलगडून तंतूच्या रूपात ताणता येतात. त्यावर आयसीआय कंपनीने शेंगदाण्याच्या पेंडीतून 'आर्डिल' काढला. ॲस्टबरी स्वतः त्याचा ओव्हरकोट वापरत. १९५१ मध्ये स्कॉटलंडमधील डम्फ्रीज येथे त्याचा मोठा कारखाना सुरू झाला आणि १९५७ मध्ये बंद झाला. व्हिकाराचे उत्पादनही १९५७ मध्येच थांबले.

आता दुबळेपणाकडे येऊ. केसिन असो वा शेंगदाणा, हा तंतू ओला झाला की त्याची ताकद निम्म्यावर येते, हे खरे आहे. पण व्हिस्कोजचेही हेच होते. साधा व्हिस्कोज पाण्यात त्याची जवळजवळ अर्धी ताकद गमावतो. कापड धुताना पिळू नये, घासू नये असे त्याच्याबद्दलही सांगितले जात असे. तरी व्हिस्कोज मेला नाही. बिर्लांच्या ग्रासिमने १९५४ मध्ये मध्य प्रदेशात नागदा येथे त्याचा कारखाना सुरू केला, आणि पुढे तारापूरच्या मागांवर जे शूटिंग विणले जाऊ लागले त्यात पॉलिएस्टरचा जोडीदार हाच ओल्यात दुबळा होणारा तंतू होता. पॉलिएस्टरने त्याला बळकटी दिली, त्याने पॉलिएस्टरला घाम टिपण्याचा गुण दिला. मिश्रणाचा हा डाव प्रथिनांच्या तंतूलाही खेळता आला असता. आर्डिल लोकरीत, कापसात आणि व्हिस्कोजमध्ये मिसळून विकला जातच होता. म्हणजे तंत्राची उणीव दोघांत सारखी होती. फरक होता तो मालात. व्हिस्कोज लाकडाच्या लगद्यातून येतो, आणि लाकूड कोणी खात नाही. जंगलाने त्याची किंमत मोजली, ती लहान नाही, पण त्या लगद्यासाठी कोणाच्या ताटाशी स्पर्धा करावी लागली नाही.

आयसीआयचा इतिहास हीच गोष्ट एका कंपनीच्या पोटात दाखवतो. पॉलिएस्टर तंतूचा शोध व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये लावला. आयसीआयने त्याचे हक्क घेतले आणि १९५५ मध्ये विल्टन येथे 'टेरिलीन'चा मोठा कारखाना सुरू केला. डम्फ्रीज आणि विल्टन यांचा मालक एकच होता. त्याला दोन्ही तंतूंचे हिशेब माहीत होते आणि दोन वर्षांत त्याने निवड केली. शेंगदाण्याच्या बाजूने काय बिघडले होते? युद्धानंतर ब्रिटनमध्ये तेल-चरबीची इतकी टंचाई होती की सरकारने टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, ३० लाखांहून अधिक एकरांवर भुईमूग लावण्याची योजना आखली. जमीन टणक, पाऊस बेभरवशाचा, यंत्रे मोडणारी. १९५१ च्या सुरुवातीला, म्हणजे डम्फ्रीजचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, ती योजना गुंडाळावी लागली. भुईमुगाचा मोठा उत्पादक भारत होता, पण स्वतंत्र भारताला आपले तेल आणि आपली पेंड स्वतःलाच हवी होती. स्वस्त, मुबलक, कोणी न मागितलेला शेंगदाणा हे आर्डिलचे गृहीतक होते आणि ते जगात कुठेच खरे उरले नाही. टेरिलीनचा माल पेट्रोलियममधून येत होता आणि त्या काळी तो वर्षागणिक स्वस्त होत होता. १९६० च्या दशकात आयसीआयची केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया ही कंपनी ठाण्यात 'टेरीन' बनवू लागली. टेरिलीनचा शर्ट आणि टेरिकॉटची पँट लग्नाच्या आहेरात दिमाखाने दिली जाऊ लागली, ती या कारखान्यानंतरच्या काळात.

दुधाची गोष्ट तर पालघरच्या रुळांवरूनच जाते. १९४५ मध्ये मुंबई सरकारने बॉम्बे मिल्क स्कीम सुरू केली आणि आणंदहून सव्वाचारशे किलोमीटर अंतर कापून दूध मुंबईला येऊ लागले. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्याचा सहकारी संघ नोंदला गेला. अडचण अशी होती की म्हैस हिवाळ्यात भरपूर दूध देते आणि उन्हाळ्यात आटते. हिवाळ्यातले सगळे दूध मुंबई घेऊ शकत नव्हती, ते जिरवायचे कुठे हा संघापुढचा खरा प्रश्न होता. केसिन-लोकरीच्या पुरस्कर्त्यांना जो शिल्लक माल हवा असतो, तो नेमका हाच. पण आणंदने दुसरी वाट धरली. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असे त्या वेळी अनेक परदेशी तज्ज्ञ सांगत. हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली, युनिसेफने यंत्रसामग्री दिली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले. यंत्रांच्या बदल्यात संघाने मुलांना मोफत दूध वाटायचे होते. साय काढलेले दूध युरोप-अमेरिकेत एके काळी डुकरांना पाजले जाई, ओढ्यात सोडले जाई. त्याच टाकाऊपणावर लानिताल आणि अरालॅक उभे राहिले होते. दूध वाळवण्याचे तंत्र सुधारले, युद्धात सैन्याला आणि युद्धानंतर भुकेल्या मुलांना पावडर लागू लागली, आणि टाकाऊ माल टाकाऊ राहिला नाही. पॉलिएस्टर बाजारात नसते तरी दुधाची लोकर इथेच अडली असती, असे मला वाटते.

हिशेब घालून पाहता येतो. एक लिटर गाईच्या दुधात साधारण २७ ग्रॅम केसिन असते. एक किलो तंतूसाठी, काहीच वाया गेले नाही असे धरले तरी, ३५ लिटरांहून अधिक दूध लागेल. एका सुटाच्या कापडाला जेमतेम एवढाच तंतू पुरतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे त्या सुटात एका मुलाची दोन महिन्यांहून अधिक काळाची प्रथिने विणलेली असतात. पैशांतही तेच. पॉलिएस्टरचा तंतू आज शंभर रुपये किलोच्या आसपास मिळतो. लोणी आधी काढून घेतले तरी उरलेल्या ३५ लिटर दुधाची किंमत त्याच्या किती तरी पट होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दूध माणसाचे अन्न, हे मान्य. पण शेंगदाण्याची पेंड तर जनावरेच खात होती, तिच्यातून तंतू काढला तर माणसाच्या ताटातले काय गेले? एक उत्तर उघड आहे. पेंड जनावराला घातली की ती दूध होऊन परत येते. मुंबईतले म्हशींचे तबेले शहराबाहेर नेण्यासाठी डहाणू तालुक्यात दापचरीचा दुग्ध प्रकल्प आखला गेला, आदिवासींच्या जमिनी त्यात गेल्या. तो प्रकल्प पुढे ओस पडला ही दुःखाची गोष्ट आहे, पण त्याचा पायाच वैरण आणि पेंड मिळण्यावर होता. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात व्ही. सुब्रह्मण्यन यांच्या नेतृत्वाखाली तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ आणि हरभरा यांचे 'बहुउद्देशीय खाद्य' तयार झाले. पेंडीतले प्रथिन माणसाला थेट खाता येते, हे भारतीय शास्त्रज्ञ दाखवत होते त्याच दशकात डम्फ्रीज ते चकतीतून पिळत होते. तारापूरपासून सह्याद्रीच्या बाजूला गेले की जव्हार-मोखाडा लागतात. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ मध्ये कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. आजही अमृत आहार योजनेतून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना चौरस जेवण आणि मुलांना अंडी-केळी द्यावी लागतात. ज्या जिल्ह्यात सरकार मुलांपर्यंत प्रथिने अंड्याअंड्याने पोचवते, त्या जिल्ह्यात प्रथिनाला 'शिल्लक' म्हणणे मला पटत नाही. शिल्लक असते ती बाजारात, कारण ज्यांना गरज आहे त्यांच्याकडे पैसा नसतो.

दुसरा आक्षेप कापसाचा आहे. कापूसही अन्नाची जमीन खातो, विदर्भात ज्वारीच्या जागी कापूस आलाच ना? आला, आणि त्याची झळ शेतकऱ्याच्या घराला बसली. पण कापसाची स्पर्धा शेतात होते आणि पीक निघाल्यावर तो काही परतही करतो. सरकीचे तेल माणसाला, सरकीची पेंड गुराला. प्रथिनाचा तंतू मात्र पिकून, काढून, शुद्ध होऊन तयार झालेले अन्न उचलतो. फॉर्माल्डिहाइड लावले की ते पुन्हा अन्न होत नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळातला, आणि तारापूरला थेट लागणारा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७० च्या दशकात ही वसाहत वसवली. जानेवारी १९८२ मधल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खिळखिळ्या झाल्या तसे विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकले, तर रंगाई-छपाई आणि फिनिशिंग तारापूरच्या प्रोसेस हाउसांकडे. बोईसरला रेल्वे होती, सूर्या नदीचे पाणी होते, मुंबई जवळ होती. रसायनांचे आणि औषधांचे कारखानेही आले. परिणाम सगळ्यांना दिसतो आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातले सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले, आणि मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली. मग खनिज तेलाच्या तंतूऐवजी दुधाचा, सोयाबीनचा, मातीत कुजणारा तंतू इथे बनला असता तर खाडी वाचली नसती का? कुजण्याचा गुण खरा आहे आणि मोलाचा आहे. समुद्रात आज पॉलिएस्टरचा सूक्ष्म कचरा जातो, तो लोकरीसारख्या तंतूचा गेला नसता. पण सांडपाण्याचा हिशेब कोणी मांडत नाही. एक किलो केसिनमागे तीसेक लिटर निवळी उरते. या निवळीची ऑक्सिजन खाण्याची ताकद घरगुती सांडपाण्याच्या शंभरपटीच्या घरात जाते. ती खाडीत सोडली तर मासे गुदमरून मरतात. त्यावर कॉस्टिक सोडा, गंधकाम्ल, क्षार आणि फॉर्माल्डिहाइड. तारापूरचे जुने सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र दिवसाला अडीच कोटी लिटरचे, आणि येणाऱ्या पाण्यापुढे ते अपुरे पडत होते. अशा ठिकाणी निवळीचा लोंढा आला असता तर नवापूर-मुरब्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्यांना त्याचा रंग पॉलिएस्टरच्या रंगापेक्षा वेगळा दिसला असता, एवढेच. मालाचे मूळ निसर्गात आहे म्हणून कारखान्याची मोरी स्वच्छ होत नाही.

आज 'मिल्क फायबर' आणि 'सोया फायबर' या नावांनी मऊ, चमकदार सूत पुन्हा विकले जाते, बाळांच्या कपड्यांसाठी विशेष. चीनमध्ये ली ग्वानछी यांनी २००० च्या सुमारास सोयाबीनच्या तंतूचे औद्योगिक उत्पादन शक्य केले. पण त्या तंतूचा मोठा भाग पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असतो, प्रथिनाचा हिस्सा अर्ध्याहून कमी. दुधाच्या तंतूच्या अनेक प्रकारांत केसिनवर ॲक्रिलोनायट्राइल कलम केलेले असते. म्हणजे जुन्या तंतूचा दुबळेपणा आणि महागाई दोन्ही खनिज तेलाच्या आधाराने झाकली आहेत. गिऱ्हाइकाला हे सांगितले पाहिजे, आणि सांगितले जात नाही याचा मला राग येतो. महाराष्ट्रात दुधाला भाव मिळत नाही म्हणून शेतकरी दूध रस्त्यावर ओततात, लातूरकडचा सोयाबीन हमीभावाखाली विकला जातो, तेव्हा यातून कापड का काढू नये असा प्रश्न सहज सुचतो. पण ओतलेले दूध हे भावाच्या भांडणातले हत्यार आहे, ते रोज मिळणारा कच्चा माल नव्हे. कारखान्याला वर्षभर एकसारखा, एकाच दर्जाचा आणि पडेल भावाचा माल लागतो. त्या तंतूचे अर्थकारण जमवायचे तर शेतकऱ्याचा भाव कायम पडलेलाच राहायला हवा. अशा धंद्याला शेतकऱ्याचा आधार म्हणणे चूक आहे.

या सगळ्यातून सुटण्याची एक खरी वाट जपानच्या स्पायबर कंपनीने शोधली आहे. २००७ मध्ये सुरू झालेली ही कंपनी गाय किंवा शेंग यांच्याकडे न जाता सूक्ष्मजीवांना साखर खाऊ घालून प्रथिन बनवते आणि त्यातून तंतू काढते. तिचा मोठा कारखाना थायलंडमध्ये रायोंग येथे आहे, कारण ऊस तिथे जवळ मिळतो. या प्रथिनाची रचना आधी ठरवता येते, त्यामुळे टणकपणासाठी फॉर्माल्डिहाइडवर विसंबण्याची गरज कमी होते. तयार प्रथिन ताटातून उचलायचे नाही, हा जुन्या तंतूंपेक्षा मोठा फरक आहे, आणि मी त्याचे स्वागत करतो. मात्र साखरेमागे ऊस आहे, उसामागे पाणी आहे, आणि साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. उद्या असा कारखाना तारापूरमध्ये भूखंड मागायला आला तर सूर्या नदीचे पाणी तो किती घेणार आणि नवापूरच्या सांडपाणी वाहिनीत काय सोडणार, याचे आकडे त्याने भूखंड मिळण्याआधी किनाऱ्यावरच्या गावांपुढे ठेवले पाहिजेत.